प्लेट माझी, रॉड मुनीरचा

एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरायचा, हाड कुठं मोडलंय ते बोटानं दाखवायचं, काय करायचं ते सावकाश समजावून सांगायचं. एवढं झालं की नातेवाईक एकमेकांकडं बघायला लागतात. मग त्यांच्यातला जरा धीट माणूस घसा खाकरतो.

"डॉक्टरसाहेब, राग येऊ देऊ नका. पण लातूरला नेलं तर कसं राहील?"

नांदेडात हाडांचा दवाखाना चालवताना हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की घसा खाकरल्याचा आवाज ऐकूनच मी पुढचं ओळखायचो. 'राग येऊ देऊ नका' म्हणणाऱ्या बिचाऱ्याला माहीत नसायचं की राग केव्हाच येऊन बसलाय. अर्थात त्याला राग म्हणणंही खरं नाही. आमच्या अर्धापूरकडं त्याला सरळ 'जळणं' म्हणतात. शेजाऱ्याच्या केळीला मोठा घड लागला की माणूस जळतो. मी लातूरच्या एका माणसावर जळत आलो. डॉक्टर मुनीर त्याचं नाव. तो माझा सगळ्यात जुना मित्र आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना घोटाळा व्हायचा नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो आणि पुढं हाडांचं शिक्षणही एकाच सरांच्या हाताखाली घेतलं. मी केळीवाल्याचा मुलगा. मुनीरच्या वडिलांचं लातूरला खरादीचं दुकान. खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी अशी लाकडाची कामं ते चरकावर फिरवून करत. मुनीर लहानपणापासून त्या दुकानात बसलेला. फिरतं लाकूड मधोमध आहे की केसभर सरकलंय, हे त्याला नुसतं बघून कळायचं. मला ते पट्टी लावूनही कळायचं नाही.

खुब्याच्या ऑपरेशनमध्ये सरांनी पहिल्यांदा ड्रिल माझ्या हातात दिलं, तेव्हा मी पुस्तकातलं ते प्रकरण जवळजवळ पाठ करून गेलो होतो. हाडात आधी एक बारीक तार घालावी लागते, आणि पुढचा मोठा स्क्रू त्या तारेच्या वाटेनं जातो. माझी तार दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. सर म्हणाले, "चालेल." पुढच्या आठवड्यात मुनीरची पाळी. त्यानं पायाकडं क्षणभर बघितलं, तार लावली आणि ती पहिल्याच झटक्यात हाडाच्या वरच्या गोळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. सर एक्स-रेच्या पडद्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर." आमचे सर कुणालाच 'बरोबर' म्हणत नसत. जिना उतरताना मी मुनीरला विचारलं, कसं जमवलंस? तो म्हणाला, "काय माहीत यार. आपोआप गेली."

आपोआप! त्यानं बढाई मारली असती तर मी एक शिवी देऊन मोकळा झालो असतो. पण तो खरं सांगत होता.

खुबा मोडतो म्हणजे काय मोडतं, ते इथं सांगायला हवं. मांडीचं हाड वर कमरेला जिथं अडकतं तिथं त्याला चेंडूसारखा गोळा असतो. गोळ्याखाली तिरपी मान असते. ही मान मांडीच्या सरळ हाडाला जिथं मिळते, तिथं बाहेरून हात लावला तर एक टणक उंचवटा लागतो. म्हातारं माणूस मोरीत नाहीतर ओट्यावर घसरून कुशीवर पडलं की बहुतेकदा त्या उंचवट्यापाशी हाड तुटतं. पूर्वी अशा माणसाच्या पायाला वजन बांधून महिनोन् महिने खाटेवर निजवत. हाड जुळायचं, पण माणूस राहायचा नाही. पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ साठायचा. म्हणून ऑपरेशन करून त्याला लवकर उभं करायचं. हाड काही आम्ही जोडत नाही, ते आपलं आपण जुळतं. जुळेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम. आणि ते कशानं धरायचं, यावर आम्हा डॉक्टरांची आयुष्यभर भांडणं.

एक धरणं बाहेरून. जाड स्क्रू मानेतून वर गोळ्यात घालायचा आणि त्याला जोडलेली पोलादी प्लेट मांडीच्या हाडाला बाहेरून टेकवून आवळायची. केळीला घड लागला की आम्ही बांबूचा टेकू देतो, तसलाच प्रकार. पेशंटनं पाय टेकला की स्क्रू प्लेटच्या नळीत थोडा सरकतो आणि मोडलेले तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात. दुसरं धरणं आतून. मांडीचं हाड पोकळ असतं. त्या पोकळीत वरच्या टोकातून एक दांडा घालायचा आणि दांड्याच्या भोकातून स्क्रू गोळ्यात न्यायचा. आम्ही त्याला नेल म्हणतो, लोक रॉड म्हणतात. चिरा लहान, रक्त कमी. आणि भार हाडाच्या मधल्या रेषेजवळ पडतो. भरलेली घागर कमरेवर घेणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक, तोच या दोहोंत.

एवढ्यावरून रॉड जिंकला असं वाटेल. तसं नाही. हाड साधं, दोनच तुकड्यांत मोडलेलं असेल तर दोन्हींचा गुण सारखाच येतो. बाहेरची भिंतच फुटली असेल किंवा मोड उलट्या दिशेनं तिरपी गेली असेल, तर प्लेट दगा देते, तिथं रॉडच हवा. आणि हाड फार वाकलेलं, आतली पोकळी अरुंद असेल तर रॉड अडकतो, कधी घालताना हाडच चिरतं. तिथं प्लेट बरी. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट एकच, स्क्रूचं टोक गोळ्यात नेमकं कुठं बसलंय. योग्य जागी बसलेली साधी प्लेट चुकीच्या जागी बसलेल्या भारी रॉडपेक्षा केव्हाही चांगली.

माझी सुरुवातीची वर्षं प्लेटची, आणि ती माझ्या सुखाची वर्षं. मी नांदेडला, मुनीर लातूरला. त्याच्याकडं लातूरचे पेशंट यायचे, माझ्याकडं नांदेडचे, आणि मधल्या अहमदपूरवाल्यांनी आपापलं ठरवावं. मला प्लेटचा डॉक्टर म्हणत. किनवटकडच्या एका आजोबांना मी प्लेट बसवली होती. जंगलातल्या गावाचे, मोहाच्या झाडाखाली पाय घसरून पडलेले. तपासणीला रेल्वेनं यायचे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे.

"ही पट्टी माझीच ना?"

"तुमचीच, आजोबा."

"मी मेल्यावर?"

"तरी तुमचीच."

"न्हाई, माणूस वर जाताना संगं काय नेत न्हाई म्हणतेत. मी तर दोन सुताचं पोलाद घेऊन चाललो. वर कुणी विचारलं तर काय सांगू?"

"नांदेडच्या डॉक्टरचं नाव सांगा."

"हाव, ते सांगतो," म्हणून ते समाधानानं उठायचे, आणि काठी विसरून दारापर्यंत चालत जायचे. मी काठी हातात घेऊन त्यांच्यामागं. असा एक पेशंट असला की महिनाभर दुसरं टॉनिक लागत नाही.

मग रॉड आला. मुनीर दक्षिणेकडं जाऊन तो आधी शिकून आला. मी म्हटलं, नवं नवं आहे, दोन वर्षांत खूळ उतरेल. उतरलं नाही. लातूरला आतून रॉड टाकतात, टाका दिसत नाही, माणूस दुसऱ्या दिवशी चालतो, अशी कीर्ती एसटीतून आणि जीपमधून नांदेड जिल्ह्यात पसरली. दुसऱ्या दिवशी माझेही पेशंट उभे राहायचे. पण माझा पेशंट उभा राहिला की लोक म्हणायचे, देवाची कृपा. मुनीरचा उभा राहिला की म्हणायचे, रॉडची कमाल.

त्या काळात माझ्याकडं सुमनताई आल्या. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या, बोलण्यात एक अक्षर वाया न घालवणाऱ्या. जिन्यावरून पडल्या होत्या. मी एक्स-रे बघितला आणि पुन्हा उजेडाला धरला. मोड उलटी तिरपी होती, बाहेरची भिंत गेलेली. इथं माझी प्लेट टिकणार नव्हती आणि रॉड मला तेव्हा येत नव्हता.

"बोला डॉक्टर," सुमनताई म्हणाल्या. "कन्फर्म आहे की वेटिंग?"

"प्लेट लावली तर वेटिंग."

"आणि कन्फर्म?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "लातूरला."

स्वतःच्या तोंडानं, कुणीही घसा न खाकरता, मी लातूरचं नाव घेतलं. त्यांना गाडीत घालून दिलं, मुनीरला फोन केला. त्यानं रॉड टाकला. काही आठवड्यांनी सुमनताई माझ्या ओपीडीत चालत आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. मी खुर्चीवरून उठलो. म्हटलं, "अहो, कशाला एवढं?"

"तुमच्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं लातूरला जाणं होत असेल ना? मुनीर डॉक्टरांना द्या. माझ्याच्यानं आता एवढा प्रवास होत नाही."

तो पुडा लातूरला गेला नाही. माझ्या स्टाफनं आणि मी मिळून तो संपवला. पेढे चांगले होते.

त्यानंतर मी रॉड शिकायचं ठरवलं. लातूर तीन तासांवर होतं. मी हैदराबादला गेलो. तिथं अनोळखी डॉक्टरांच्या मागं उभं राहून, त्यांच्या हातांकडं टाचा उंच करून बघत शिकलो. परत येऊन पहिला रॉड टाकला तेव्हा मला इतका वेळ लागला की भूल देणारे डॉक्टर दोनदा घड्याळाकडं बघून तिसऱ्यांदा माझ्याकडं बघायला लागले. हळूहळू हात बसला. माझे रॉड चांगले व्हायला लागले. पण चांगले आणि मुनीरसारखे यात जे अंतर आहे ते मला एक्स-रेमध्ये रोज दिसायचं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, एवढाच काय तो दिलासा.

हैदराबादची बातमी मुनीरला कळलीच. त्याचा फोन आला. "अरे बालाजी, माझ्याकडं यायचं ना. घरी राहिला असतास. तुझ्या नफीसाभाभीनं तुला आवडतं ते खट्टं बैंगन केलं असतं." आवाजात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नव्हता. हा माणूस जरा वाईट असता तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं! पेशंट पळवणारा, माझी निंदा करणारा, निदान फोन न उचलणारा असा कुणी असता तर मी मोकळेपणानं त्याच्यावर जळलो असतो. मुनीरवर जळताना मात्र माझंच मला खाली बघावं लागायचं. तरी मी जळलोच.

आता अक्काची गोष्ट. अक्का माझी थोरली बहीण. आई शेतात जायची तेव्हा तिनं मला कडेवर वागवलं, मी शिकायला गेलो तेव्हा घरची कामं ओढली. लग्न गावातच, अर्धापुरात झालं. तिचा मुलगा माधव आता केळीची शेती बघतो. माझा दवाखाना गुंडाळायच्या बेतात असतानाच, गेल्या वर्षी, अक्का ओल्या अंगणात घसरली आणि डाव्या कुशीवर पडली. माधवनं तिला गाडीत आडवी घालून माझ्याकडं आणलं.

एक्स-रे काढला. मोड साधी होती, दोन तुकडे. पण अक्काचं मांडीचं हाड वयानं धनुष्यासारखं पुढं वाकलेलं आणि आतली पोकळी अगदी चिंचोळी. प्लेटची केस. मला क्षणभर, सांगायला लाज वाटते, बरंच वाटलं.

"अक्का, खुबा मोडलाय," मी म्हटलं. "भिऊ नको. प्लेट बसवू, दोन दिवसांत वॉकर धरून चालशील."

"कोण बसवणार?"

"कोण म्हणजे? मी."

अक्कानं मान माधवकडं वळवली. मग म्हणाली, "माधव, मला लातूरला ने."

माधव माझ्याकडं बघायचं टाळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"अक्का, मी इथं हाडाचा डॉक्टर म्हणून बसलोय ना?"

"बसलास की. मी कुठं न्हाई म्हणून राहिले? पण शेजारच्या शांताबाईला त्या मुनीर डॉक्टरनं रॉड टाकला. दिवाळीला अंगण सारवत व्हती. आन् तू केलेली गंगाबाई अजून काठी टेकून राहिली."

"गंगाबाईचं वय तरी बघ."

"दोघी एकाच साली नांदायला आल्यात."

मी तिला समजावलं. हाड वाकलंय, आतली नळी बारीक आहे, रॉड अडकेल, तुझ्यासाठी प्लेटच बरी. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "वाकडं हाय तर वाकडं. तेच मुनीर डॉक्टरला सांग, ते बघतील काय ते."

घरच्या माणसावर स्वतः सुरी चालवू नये असं आमच्यात म्हणतात, आणि ते खरं आहे. हात जड होतो. त्या हिशेबानं मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण जे पेटलं ते पेटलंच. सगळ्या जिल्ह्यानं लातूरचं नाव काढलं ते सोसलं. अक्कानं काढलं, ते सोसेना. मी पायाला आधार बांधला, सुई दिली आणि अँब्युलन्स बोलावली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. प्रत्येक स्पीड ब्रेकरला अक्का माझं मनगट आवळायची आणि विचारायची, "आलं का रं लातूर?" मी म्हणायचो, "येईल." गाडीतल्या सगळ्यांत लातूर यायची घाई नसलेला मी एकटाच.

मुनीर दवाखान्याच्या दारात उभा होता. केस पिकलेले, बाकी तसाच. "सलाम अक्का," म्हणून तो स्ट्रेचरशी वाकला आणि अक्कानं दुखऱ्या अवस्थेतही त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यानं एक्स-रे बघितला. एकच नजर. नंतर अक्काजवळ स्टूल ओढून बसला.

"अक्का, तुमचं हाड वाकलंय. आतली नळी बारीक आहे. रॉड अडकेल. तुमच्यासाठी प्लेट बरी."

"बरं," अक्का म्हणाली. "तुम्ही म्हणता तर प्लेट."

शब्द न् शब्द माझेच होते. मी माधवकडं बघितलं. या वेळी त्याला वाचायला कॅलेंडरही नव्हतं.

मुनीरचं बोलणं संपलं नव्हतं. "पण एक आहे, अक्का. प्लेट मी हल्ली करत नाही. माझा हात सगळा रॉडचा झालाय. या भागात प्लेट बालाजीइतकी कुणी केलेली नाही. ती त्यानंच करावी असं मला वाटतं. मी समोर उभा राहतो."

अक्का विचारात पडली. भाजी घेताना पडते तशी.

"तुम्ही भायेर जाणार न्हाई ना?"

"नाही जाणार."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मंग करू द्या त्याला."

बाहेर आल्यावर मी मुनीरला म्हटलं, "घरचं माणूस आहे. माझा हात थरथरला तर?"

"मी आहे ना," तो म्हणाला. धीर द्यायला म्हणाला. मला मात्र वाटलं, याच्यासमोर तर हात आता कसाही थरथरणार नाही.

सकाळी ऑपरेशनला उभे राहिलो. अक्काला कमरेखाली भूल दिलेली, ती जागी होती. मधे हिरवा पडदा, पडद्यापलीकडं तिचं तोंड. पाय टेबलाला ताणून बांधला, आणि एक्स-रेच्या पडद्यावर मोडलेले तुकडे रेषेत आले. मी चिरा घेतला. मुनीर समोर उभा राहून मांस बाजूला धरत होता, आणि तेसुद्धा असं धरत होता की मला कधी 'जरा इकडं' म्हणावं लागलं नाही. मदतनीस म्हणूनही तो माझ्याहून चांगला होता. बहिणीच्या मांडीत हात घातलेला असताना मला हे सुचलं, यावरून काय ते समजा.

तार लावली. हात थरथरला नाही. तार हाडात गेली, मान ओलांडली, गोळ्यात शिरली, थांबवली. पडद्यावर बघितलं. समोरून चांगली, बाजूनं चांगली. कुठल्याही परीक्षेत पास झाली असती. मी पुढचं ड्रिल मागायला हात पसरला. मुनीर पडद्याकडं बघत होता.

"बालाजी," तो हळूच म्हणाला, "अजून एक सूत खाली."

एक सूत. इंचाचा आठवा भाग, खरादीवाल्याचं माप, पुस्तकातलं नाही. मी पडद्याकडं पुन्हा बघितलं. मला ते एक सूत दिसत नव्हतं. आहे तीच तार ठेवली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं, मुनीरनंही पुन्हा म्हटलं नसतं. पसरलेला हात तसाच होता. नर्स ड्रिल घेऊन वाट बघत होती. मला माहीत होतं की मला न दिसणारं त्याला दिसतंय, आणि हे मला होस्टेलपासून माहीत होतं. आणि हिरव्या पडद्यापलीकडं अक्का होती.

मी तार मागं घेतली. एक सूत खाली लावली. पुन्हा आत घातली. एक्स-रे घेतला, समोरून आणि बाजूनं. तार गोळ्याच्या अशी मधोमध गेली होती की मी आयुष्यात घातलेल्या सगळ्या तारांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. आधीची तार चांगली दिसत होती ती हिच्याशेजारी ठेवली नव्हती म्हणून.

मी मान वर करून मुनीरकडं बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांत शाबासकी असती तर ती घेता आली नसती, नसती तर ती शोधत बसलो असतो. पुढचं सगळं माझ्या हातचं होतं. स्क्रू, प्लेट, खालचे चार छोटे स्क्रू. टाके मी स्वतः घातले, बारीक, एकसारखे.

दुसऱ्या दिवशी अक्का वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेली आणि परत येऊन खाटेवर टेकली. मी तिच्या पायांखाली उशी ठेवली. राहवलं नाही.

"अक्का, ऑपरेशन मी केलं. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय की. कमरेपासून खाली बधिर व्हते मी, कानानं न्हाई."

"मग?"

"मग काय? 'एक सूत खाली' म्हणून कोण सांगितलं?"

मी उशी पुन्हा सारखी केली.

"तू ते केलंस, ते बरंच झालं," अक्का म्हणाली. "पण सांगणारे ते व्हते."

हाडाच्या मोडी, भार, कोन, यांवर मी तासभर बोलू शकतो. न शिकलेली माझी बहीण काही चुकीचं बोलली असती तर मी तिला समजावलं असतं. वैताग हा होता की ती बरोबर होती.

दोन-अडीच महिन्यांनी मी अर्धापूरला गेलो. अक्का काठीशिवाय अंगणात फिरत होती. लंगडणं नाही, पाय तोकडा झालेला नाही. शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या होत्या, त्यात शांताबाईही. अक्का त्यांना चालून दाखवत होती, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"कुणी केलं म्हणालीस?" एकीनं विचारलं.

"लातूरच्या मुनीर डॉक्टरनं," अक्का म्हणाली. मग मी ओट्यावर बसलेला दिसलो म्हणून पुढं जोडलं, "आमचा बालाजी पण व्हता संगं."

माधव बिचारा शहाणा. त्याला ते लागलं. त्यानं मोबाईल काढला, मुनीरला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर केला. "डॉक्टरसाहेब, आई मस्त चालून राहिली. सगळी गल्ली तुमचं नाव घेऊन राहिली."

"माझं कशाला?" फोनमधून मुनीरचा आवाज स्वच्छ आला. "ऑपरेशन बालाजीनं केलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी नुसता समोर उभा होतो. त्याचं नाव घ्या."

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ताठ बसलो.

शांताबाईनं पदर सावरला आणि मान डोलावली. "पाहा बाई, किती मोठा माणूस! एवढं करून नावसुद्धा घेऊ देत न्हाई."

"तर काय," दुसरी म्हणाली. "दुसऱ्याला पुढं करतो. अशी माणसं आता कुठं राह्यलीत?"

अक्का चालत चालत तुळशीपर्यंत जाऊन परत आली.

मी माधवच्या हातातला फोन घेतला. "मुनीर, ऐकलंस का?"

"ऐकलं," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच ओशाळला होता.

"यापुढं कुणी विचारलं तर खोटं बोलत जा. सांग की सगळं मीच केलं. बालाजीला काही येत नाही म्हण. निदान लोक तुला बढाईखोर तरी म्हणतील."

पलीकडून तो खो खो हसला. अंगणातल्या बायका हसल्या, माधव हसला, अक्काही वॉकरशिवाय, काठीशिवाय, दोन्ही पायांवर सरळ उभी राहून हसली. सगळ्यांना वाटलं, मी गंमत केली.